टाक्यातला गाळ आणि थांबलेली मोहीम: एका गडावरच्या श्रमदानाचं प्रकरण

गडाचं नाव, तालुका, पायथ्याचं गाव यातलं काहीच इथे लिहीत नाहीये आणि ते मुद्दाम. गाळात काहीतरी सापडलं एवढं कानावर पडलं की गुप्तधनाच्या नादात रात्री कुदळ घेऊन गड चढणारी माणसं आजही आहेत, त्यांनी खणलेले खड्डे आम्ही स्वतः पाहिलेत. बाकी सगळं जसं घडलं तसंच सांगतेय, आमच्या चुकांसकट, कारण महाराष्ट्रात दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर एखादा ग्रुप घमेली-फावडी घेऊन चढत असतो आणि आमच्यासमोर आला तो प्रसंग त्यांच्यासमोर कधीही येऊ शकतो.

पार्श्वभूमी

सह्याद्रीतला मध्यम उंचीचा गड. दोन दरवाजे, त्यातला एक पार ढासळलेला, माथ्यावर देवीचं छोटं मंदिर, वाड्याची जोती आणि पूर्वेच्या अंगाला कातळात खोदलेली सात टाकी, म्हणजे पाणी साठवायचे हौद. सातांपैकी दोन टाक्यांचं पाणी गावकरी अजून वापरतात, जत्रेच्या आधी गावातली पोरंच ती उपसून साफ करतात, ही पद्धत आम्ही यायच्या कितीतरी आधीपासूनची. उरलेली पाच गाळाने भरलेली, त्यातल्या एकात तर चक्क करवंदीची जाळी वाढलेली.

आमचा ग्रुप साधारण तीस जणांचा, नियमित येणारे बाराच. कॉलेजची मुलं, आयटीवाले, एक प्लंबर, दोन नर्स. पहिली दोन वर्षं आम्ही फक्त प्लास्टिक गोळा केलं, वाटेवर बाण लावले, पावसाळ्यानंतर जोत्यांवरचं गवत काढलं. हे काम कंटाळवाणं आहे पण गडाला त्याने इजा होत नाही, आणि त्याची किंमत मला आता कळते. तेव्हा मात्र सगळ्यांना वाटायचं की आपण "खरं" काम करतच नाही. दुसरे ग्रुप टाकी मोकळी करत होते, त्यांचे आधीचे-नंतरचे फोटो यायचे, खाली शेकडो लोक "जय शिवराय" लिहायचे, आणि आमच्याकडे काय तर चिप्सच्या पाकिटांची पोती.

मार्चमध्ये एकाने ग्रुपवर टाकलं, आपण पण एक टाकं घेऊया. गावच्या सरपंचांशी बोलणं झालं, ते खूशच झाले, म्हणाले "करा पोरांनो, उन्हाळ्यात गुरांना पाणी होईल". आम्ही ती परमिशन समजलो. पहिला निर्णय इथेच झाला आणि तो निर्णय आहे हे आम्हाला तेव्हा कळलंसुद्धा नाही. गड कोणाच्या ताब्यात आहे हे कोणीच विचारलं नाही. काही किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, काही राज्याच्या, त्यांना १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा राज्याचा कायदा लागू होतो. पण बरेचसे गड कुठल्याच संरक्षित यादीत नाहीत, तिथली जमीन वन खात्याची असते, महसूलची असते, कधी खाजगीसुद्धा. आमचा गड या तिसऱ्या प्रकारातला, आणि आम्ही त्याचा अर्थ काढला की इथे कोणाचंच बंधन नाही. जमीन वन खात्याची निघाली, तिथे खणायला त्यांची परवानगी लागतेच.

अडचण कशी उभी राहिली

टाकं साधारण वीस फूट बाय बारा फूट. पहिल्या रविवारी बावीस जण होतो. वरचा थर पालापाचोळा, बाटल्या, गुटख्याची पाकिटं, त्याखाली मोकळी काळी माती. माणसांची साखळी लावून घमेली हातोहात पास करायची आणि गाळ तटाच्या पडक्या भागातून खाली उतारावर टाकून द्यायचा. दुसऱ्या रविवारी लाल माती लागली, तिच्यात घडीव दगड आणि कौलांचे तुकडे. दगड आम्ही बाजूला रचून ठेवले, कौलं गाळाबरोबर खाली गेली. तो थर म्हणजे टाक्याच्या वरच्या अंगाला असलेलं एखादं बांधकाम पडून आत आलेलं, हे आम्हाला नंतर समजवून सांगण्यात आलं. तेव्हा आमच्या लेखी ती फक्त माती होती.

तिसऱ्या रविवारी, कडेपासून चारेक फूट खाली, चिकट निळसर काळा गाळ सुरू झाला. टाकं वापरात असताना पाण्याच्या तळाशी हळूहळू बसलेला हा गाळ. त्यात खापरं यायला लागली, एक नाही, मूठभर. मग मुठीएवढा जड लोखंडी गोळा. मग लाकडाचा एक वाकडा तुकडा, त्याला दोन भोकं, पोहऱ्याचा किंवा रहाटाचा भाग असावा असं वाटणारा. आणि शेवटी एका कोपऱ्यात उभ्या दगडाची कड, त्यावर कोरीवकाम.

काय आनंद झाला होता ते सांगता येणार नाही. लोक ओरडत होते, व्हिडिओ काढत होते, एकाने गोळा हातात घेऊन लाइव्ह जायला सुरुवात केली. मी लाकूड पाण्याने स्वच्छ धुतलं आणि नीट सुकावं म्हणून कातळावर उन्हात ठेवलं. संध्याकाळपर्यंत ते उभं तडकलं. शेकडो वर्षं पाण्यात भिजलेलं लाकूड त्या पाण्याच्याच आधारावर आकार धरून असतं, पाणी झपकन उडालं की आतून कोसळतं, म्हणून ते ओलंच ठेवायचं असतं, ओल्या फडक्यात गुंडाळून, सावलीत. ही इतकी साधी गोष्ट मला माहीत नव्हती. ते लाकूड आजही माझ्या डोळ्यासमोर आहे.

त्या दिवशी टाक्यावर एक आजोबा बसले होते, गावातले, मंदिरात दिवा लावायला येणारे. ते शांतपणे म्हणाले, "आधीचं कुठं टाकलंत गं ताई? त्यात पण असंल की." सगळे गप्प झाले. दोन रविवारचा गाळ तटाखाली उतारावर विखुरलेला होता.

कोणते पर्याय समोर होते

त्या रात्री ग्रुपवर दोनशेच्या वर मेसेज पडले असतील, आणि भांडण झालं म्हटलं तरी चालेल. तीन मतं होती.

पहिलं मत, काम चालू ठेवायचं. जूनच्या आत टाकं मोकळं नाही झालं तर पाऊस सगळं परत भरून टाकेल, गुरांचं पाणी हुकेल, गावाला दिलेला शब्द मोडेल. सापडलेल्या वस्तू देवळात ठेवायच्या, गावाच्या नजरेसमोर राहतील. हे मत बहुतेकांचं होतं आणि खरं सांगायचं तर ते वाईट हेतूचं अजिबात नव्हतं.

दुसरं मत, वस्तू आपल्यातल्याच कोणाच्या तरी घरी सुरक्षित ठेवायच्या आणि ओळखीच्या एका संग्राहकाला दाखवायच्या, तो नीट सांगेल. याला विरोध लगेच झाला, पण ज्याने हे सुचवलं त्याची काळजीही खोटी नव्हती, देवळाला कुलूप नव्हतं.

तिसरं मत, थांबायचं आणि सरकारला कळवायचं. हे आम्ही चौघंच म्हणत होतो. समोरून उत्तर आलं की "साहेब लोक येतील, सील लावतील आणि टाकं पुढची दहा वर्षं तसंच पडून राहील, आपल्यावर केस होईल ती वेगळीच." केसची भीती मलाही होती. आम्ही परवानगी न घेता खणलं होतं, कळवायचं म्हणजे आधी स्वतःची चूक लिहून द्यायची.

चर्चा फिरली ती दोन गोष्टींनी. ग्रुपमधल्या लॉ शिकणाऱ्या मुलीने १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह, म्हणजे सापडलेल्या गुप्तधनाचा कायदा वाचून दाखवला. जमिनीत दडलेली १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर ती काय आहे, कुठे सापडली, कधी सापडली हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. म्हणजे न कळवणं हाच गुन्हा, आणि घरी ठेवणं तर त्याहून वाईट. दुसरी गोष्ट मोहीमप्रमुख दादाने विचारली, आणि ती मला कायद्यापेक्षा महत्त्वाची वाटते. तो म्हणाला, गोळा देवळात ठेवला, पाच वर्षांनी कोणी विचारलं की हा कुठल्या टाक्यातला, किती खोलीवरचा, त्याच्यासोबत काय होतं, तर आपण काय सांगणार? कोणाकडेच उत्तर नव्हतं. खापराचा तुकडा सुटा काहीच बोलत नाही, कुठल्या थरात आणि कशाच्या शेजारी होता यावरून तो काळ सांगतो, आणि थर एकदा उपसला की परत रचता येत नाही.

थांबायचं ठरलं, तेही एकमताने नाही. सहा जण त्याच आठवड्यात ग्रुप सोडून गेले.

काय केलं

सोमवारीच दोघं रजा टाकून परत गडावर गेले. कोरीव दगड होता तिथेच ठेवला, बाहेर ओढला नाही. टाक्याच्या चारही बाजूंचे फोटो, प्रत्येक फोटोत मापाची पट्टी आणि उत्तर दिशेचा बाण. टाक्याच्या भिंतीला जिथे जिथे गाळाचे थर चिकटून राहिले होते तिथे कडेपासूनची खोली मोजून वहीत आराखडा काढला. निघालेल्या वस्तूंना नंबर दिले, गोळा कोरड्या कापडात, खापरं वेगवेगळ्या पिशव्यांत, लाकडाचे दोन्ही भाग ओल्या फडक्यात. ब्रशने घासायचं नाही, लिंबू-चिंच लावायची नाही, हे सगळ्यांना बजावलं, कारण तिसऱ्या रविवारी एकाने तारेचा ब्रश काढला होता आणि तो कोरीव दगडाला लागण्याआधी आजोबांनीच त्याचा हात धरला होता.

मग पत्र. एकच पत्र, तीन ठिकाणी: जिल्हाधिकारी, पुरातत्त्व विभागाचे सहायक संचालक आणि वन परिक्षेत्र अधिकारी. पत्रात काहीही लपवलं नाही, तीन रविवार कोणत्या तारखांना काम केलं, किती जण होतो, गाळ कुठे टाकला, काय सापडलं. खाली बारा जणांच्या सह्या. सरपंचांची सही मागायला गेलो तेव्हा ते चिडले. त्यांचं म्हणणं रास्त होतं, तुम्ही आलात, खणलंत, आता पंचनामे गावाला भोगायला लावताय. आम्ही तासभर बसलो, त्यांचं ऐकून घेतलं. सही त्यांनी दिली नाही पण पत्राची प्रत ठेवून घेतली.

वन खात्याने आधी झापलं. तिथल्या साहेबांनी सरळ विचारलं, तुमच्या घराच्या अंगणात मी येऊन न विचारता खड्डा खणला तर चालेल का? यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. केस मात्र झाली नाही, लेखी समज मिळाली आणि काम थांबवायचा आदेश. पंचनामा होऊन वस्तू तहसीलमध्ये जमा झाल्या. पुरातत्त्व विभागाचे तांत्रिक सहायक पाच आठवड्यांनी आले. पाच आठवडे हा फार मोठा काळ वाटला तेव्हा, रोज कोणीतरी विचारायचं काही उत्तर आलं का.

ते आले आणि टाक्यापेक्षा जास्त वेळ त्यांनी तटाखालच्या उतारावर घालवला. त्यांच्या देखरेखीत आम्ही दोन शनिवार-रविवार तो फेकलेला गाळ चाळण्यांनी चाळला. बरीच खापरं, बांगड्यांचे तुकडे, दोन लोखंडी खिळे मिळाले. पण कुठला तुकडा वरच्या थरातला आणि कुठला लाल मातीतला हे सांगणं आता शक्य नव्हतं, सगळं एकत्र मिसळलेलं. नोंदीत त्या सगळ्यावर एकच शेरा पडला, "थर अज्ञात".

मधेच आलेला दुसरा पेच

याच दरम्यान एका देणगीदाराने निरोप पाठवला की दरवाज्याच्या डाव्या अंगाचे ढासळलेले थर बांधून देतो, सिमेंटची पोती आणि गवंडी माझे, फक्त नावाची पाटी लावा. ज्यांचा हुरूप टाकं थांबल्याने गेला होता त्यांना हे देवाने पाठवल्यासारखं वाटलं. इथे मात्र आम्ही पटकन नाही म्हटलं, कारण एव्हाना विचारायची सवय लागली होती. जुनी चुन्यातली भिंत ओलावा सांध्यांमधून बाहेर सोडते. सिमेंट दगडाच्या मानाने जास्त कडक आणि पाणी अडवणारं, त्यामुळे ओल आतच कोंडते, क्षार साठतात आणि झिजायचा तो सांधा शाबूत राहून दगडच फुटायला लागतो. शिवाय वरचे थर मुळात कसे होते, चर्या (तटाच्या माथ्यावरचे कंगोरे) होत्या का, किती होत्या, याचा एकही पुरावा नाही. जुन्या वास्तूंच्या जतनासाठीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत स्पष्ट म्हटलंय की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. पडलेले दगड मात्र आम्ही जागच्या जागी नंबर टाकून नोंदवून ठेवले, उद्या जाणकार हातांनी चुन्यात काम झालं तर ते उपयोगी पडतील. देणगीदार नाराज झाले, परत फोन केला नाही.

काय निष्पन्न झालं

त्या उन्हाळ्यात गुरांना त्या टाक्याचं पाणी मिळालं नाही. हे मी पहिलं लिहितेय कारण गावाच्या बाजूने हाच निकाल होता. भरपाई म्हणून नाही पण आम्ही जत्रेच्या आधी गावातल्या पोरांसोबत वापरातली दोन टाकी उपसायला गेलो, त्यांच्या पद्धतीने, त्यांच्या सांगण्यावरून. दोन वर्षांत पहिल्यांदा गावातली मुलं आमच्यासोबत बसून बोलली. तोपर्यंत आम्ही त्यांच्या गडावर यायचो आणि जायचो.

पावसाळा संपल्यावर अटींसह परवानगी मिळाली. एका वेळी एकच थर, टाक्यात सहापेक्षा जास्त माणसं नाहीत, प्रत्येक थराचा गाळ वेगळा रचायचा, चाळल्याशिवाय हलवायचा नाही, आणि चाळलेला गाळ अशा जागी टाकायचा की पाऊस तो परत टाक्यात आणणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात जे काम आम्ही चार रविवारात उरकणार होतो त्याला अकरा रविवार लागले. कोरीव दगड वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड निघाला, तीन पट्ट्यांचा, खाली लढाई, मधे अप्सरा वीराला नेतायत, वर शिवपूजा आणि चंद्रसूर्य. तो कधीतरी उचलून टाक्याच्या कडेला बांधकामात वापरला असावा आणि कडेसोबत आत पडला असावा, असं विभागाच्या टिपणात आहे. तळाशी कातळात कोरलेल्या तीन पायऱ्या आणि एक खळगा, उन्हाळ्यात शेवटचं पाणी गोळा होण्यासाठी. टाकं आता पाणी धरतं.

वीरगळ गडावरच राहिला, देवळाच्या आवारात, फक्त त्यावर शेंदूर किंवा ऑइलपेंट लावायचा नाही असं गावसभेत ठरलं. गोळा आणि बाकी वस्तू मात्र सरकारजमा आहेत. गावाला त्या परत हव्यात, आमच्याकडे अजून विचारणा होते. मला स्वतःला वाटतं की त्या गावाच्या जवळ, नीट काचेच्या कपाटात, माहितीसकट असायला हव्यात, पण तो निर्णय आमच्या हातात नाही आणि तसं आम्ही गावाला स्पष्ट सांगितलंय.

एक गोष्ट पूर्ण फसली, ती म्हणजे प्रसिद्धी. टाकं मोकळं झाल्यावर एकाने रील टाकलं, लोकेशनसकट. पुढच्या महिन्याभरात एवढी गर्दी झाली की मुलं टाक्यात पोहायला उतरली, आणि ज्या पाण्यासाठी सगळा खटाटोप केला ते पाणी गुरंसुद्धा तोंडाला लावेनात. रील काढून टाकलं, पण तोवर ते दुसऱ्या पेजेसवर गेलेलं. नंतर गावातल्या चार तरुणांनी सुट्टीच्या दिवशी वर थांबून लोकांना गड फिरवून दाखवायला सुरुवात केली, टाक्याजवळ काय करायचं नाही हे तेच सांगतात, आणि त्यांच्या सांगण्याचा जो परिणाम होतो तो आमच्या पाटीचा कधीच झाला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी जमिनीची चौकशी. सातबारा, वन खात्याची हद्द, संरक्षित स्मारकांची यादी, या तीन गोष्टी बघायला आम्हाला जास्तीत जास्त एक आठवडा लागला असता. सरपंचांचा होकार लागतोच, पण तो बाकीच्या परवानग्यांच्या जागी चालत नाही. आणि अर्ज पावसाळ्यात करायचा, काम बंद असतं तेव्हा, म्हणजे उन्हाळ्यात कागद हातात असतो. मार्चमध्ये ठरवून मार्चमध्येच फावडं मारलं की उशीर हा फक्त अडथळा वाटतो.

दुसरं, गाळ फेकायचा नाही. एवढी एकच अट पहिल्या दिवसापासून पाळली असती, बाकी सगळ्या चुका केल्या असत्या तरी, निम्मं नुकसान टळलं असतं. बाजूला, थरानुसार वेगळे ढीग, वर ताडपत्री, बस.

थांबायचा निर्णय कोणी घ्यायचा हेही आधी ठरलेलं नव्हतं. बावीस जणांच्या उत्साहात एकट्या माणसाला "थांबा" म्हणणं फार अवघड जातं, दुसऱ्या रविवारी कौलं बघून माझ्या मनात शंका आली होती आणि मी बोलले नाही. आता दर मोहिमेला एक जण फक्त वही सांभाळतो, तो फावडं हातात घेत नाही, आणि त्याने हात वर केला की काम थांबतं, कारण नंतर विचारायचं. हे काम आळीपाळीने सगळ्यांकडे येतं, त्यामुळे हात वर करणाऱ्यावर कोणी चिडत नाही.

एका बाबतीत आमच्यात अजूनही एकमत नाही. काहींचं म्हणणं, लेखी कळवण्याआधी गावाला विश्वासात घ्यायला आठवडा द्यायला हवा होता, मग सरपंचांनी सही दिली असती आणि पुढचं वर्षभर जो दुरावा राहिला तो राहिला नसता. मला वाटतं त्या आठवड्यात गोळा नक्की कुठेतरी गेला असता. दोन्ही बाजूंना तथ्य आहे.

२०२५ च्या जुलैमध्ये रायगड, राजगड, साल्हेर, खांदेरी असे महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी मिळून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यानंतर आमच्याकडे येऊ इच्छिणाऱ्यांचे मेसेज खूप वाढलेत. नवीन मुलांना पहिले तीन रविवार आम्ही फावडं देत नाही. प्लास्टिक, गवत, आणि वही. काही जण दुसऱ्या रविवारीच येणं बंद करतात, जे टिकतात त्यांना चौथ्या रविवारी तटाखालच्या त्या उतारावर घेऊन जातो आणि तिथे गवतात आजही सापडणारी खापरं दाखवतो. ती उचलायची नाहीत, फक्त बघायची. बाकीच्या चार टाक्यांपैकी एकाचा अर्ज सध्या वन खात्याकडे आहे, या वेळी त्यावर पहिली सही सरपंचांची आहे.